जावळ्यांचं घर

"माहेरी कुणाला जुळं झालंय का गं? आईला, आजीला, मावशीला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते सहज, लाकडी नळी पुसता पुसता, आणि बनूनं "न्हाई" म्हटलं तेही तितकंच सहज. इतकं सहज की तिचं तिलाच नवल वाटलं. खोटं बोलताना माणसानं जरा तरी अडखळावं, जीभ जरा तरी जड व्हावी. पण छे! जीभ वर्षानुवर्षं या एकाच शब्दाची तालीम करत बसलेली, वेळ आल्याबरोबर टुणकन पुढं. पोटावर जिथं नळी टेकली होती तिथं कातडीवर एक गार गोल राहिला होता. त्या गोलाच्या डावीकडं कुणीतरी लाथ मारली, आणि तिची कळ विरते न विरते तोच उजवीकडं, पार बरगडीखाली, दुसरी. एकाच पोराचे पाय एवढे लांब असतात का, हा प्रश्न बनूला महिनाभर पडत होता. तिनं तो कुणाला विचारला नव्हता.

"सातव्या महिन्याच्या मानानं पोट मोठं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोका मला एकच लागतोय, पण एक दुसऱ्याच्या आड असलं तर तसंच होतं. म्हणून विचारलं. एकदा जुळं झालं की त्या घरात पुन्हा होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आईचं लेकीकडं येतं. तसं काही असतं तर मी तुला गाडीत पाऊल ठेवू दिलं नसतं, शेवटचे दोन महिने इथंच सांगलीत माझ्या नजरेखाली ठेवलं असतं. जुळ्यातलं दुसरं फार दगा देतं. नाही ना? मग खुशाल जा माहेरी." हातात कागद घेऊन उभी असलेली नर्स जरिना हसली. तिनं आल्या आल्या बनूला नाव, गाव, वय विचारून घेतलं होतं, "भावंडं?" म्हटल्यावर बनूनं "एक भाऊ, धाकटा, एकोणीस वर्सांचा" असं सांगितलं होतं आणि जरिनानं ते टाकानं लिहिलंही होतं. "आमच्यात तीन डाव झाली बाई," ती आता म्हणाली. "माझ्या खालाला दोनदा, मायला एकदा. त्यातलीच एक मी! पलूसला कुनालाबी इचारा, लोकं आमचं घर वळखत्यात." म्हणाली ती अशी, जणू घरात कुणाला बिल्ला मिळाला होता. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी, अंबूबाईंनी, पदर सारखा केला. "आमच्यात असलं काय न्हाई. सोयरीक करतानाच इचारून घेतलंय मी. दोन दोन याला बायका काय शेरडं हायेत व्हय?" जरिनाचं हसू जागच्या जागी थांबलं. ती कागदाकडं बघायला लागली, आणि बनू तिच्याकडं बघायची थांबली. लाज वाटायला हवी होती ती अंबूबाईंना. ती वाटली बनूला, आणि कानशिलं तापेपर्यंत वाटली.

बाहेर बादशहाचा टांगा उभा होता. चढताना अंबूबाईंनी तिला दंडाला धरून आधार दिला. त्या वाईट बाई नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. दोन वर्षांत सुनेवर त्यांनी हात उचलला नव्हता, उपाशी ठेवलं नव्हतं, आणि दिवस गेल्यापासून तर रेशनची साखर डब्यात वेगळी काढून तिच्या दुधात घालत होत्या. तोंड मात्र असं. टांगा चालला. हळदपेठेतला तो कोरडा, घशाशी बसणारा वास आला. अंबूबाईंनी बेत मांडायला सुरुवात केली. "येत्या बेस्तरवारी मिरजंस्नं गाडीत बसवायची तुला. माज्या नानासोला रजा काढायला सांगते, त्यो तुला कोरेगावापतूर पोचीवतोय. पयलं बाळतपन म्हायेरीच व्हावं. अन् तुमच्यात ती सुईण हाय न्हवं, काय तिचं नाव, गोजाबाई. लय हलक्या हाताची म्हनं." बनू "व्हय आत्याबाई" म्हणाली. हलक्या हाताची खरीच. आता सत्तरीला आली असेल. एक डोळा मोतीबिंदूनं गेलाय, असं आईच्या पत्रात होतं. जुळ्यातलं दुसरं दगा देतं म्हणे. डॉक्टरीणबाई शिकलेल्या, पण एवढं मात्र त्यांचं चुकलं. दुसरं कुठला दगा देतंय? ते बिचारं यायला निघालेलं असतं. दगा बाकीचेच देतात.

तेव्हा बनू आठ वर्षांची होती. तिच्या आईला, राहीबाईला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला बनू आणि कृष्णात, अर्ध्या घटकेच्या अंतरानं, आधी ती आणि मागनं तो. दोघांची तोंडं एकमेकांशी मिळत नव्हती. ती उभट आणि सावळी, तो गोल आणि गोरा. तरी आळीतल्या बायका दोघांना एकत्र बघितलं की पदर तोंडाला लावायच्या, आणि एखादी चावट म्हातारी म्हणायची, मागल्या जन्मीचं नवराबायको हायेत गं ही, एकाच पोटात घर केलं. घराला नावच पडलं होतं, जावळ्यांचं घर, जुळ्यांचं. वडील मळ्याकडं जाताना पाटलाच्या पारावरून जात नसत, मागल्या ओढ्यानं जात. आणि आता दुसरी खेप. मार्गशीर्ष होता, उन्हं कोवळी होती. सकाळी पोर झालं, मुलगा झाला, एकच झाला. गोजाबाईनं नाळ कापली, पोराला न्हाऊ घातलं, आपली ज्वारी पदरात घेतली आणि "सुटलीस बाई" म्हणून गेली. आई बाजेवर पडल्या पडल्या हसत होती. आपण बाकीच्यांसारख्या झालो, एवढ्याचंच ते हसू होतं, हे बनूला फार पुढं कळलं. मग दुपारी आईनं एकदम बाजेची दोरी धरली. तोंड पांढरंफटक. "बने, पळ. गोजामावशीला म्हनावं, आनखी एक हाय. पळ गं!" कृष्णातला तिनं तान्ह्यापाशी बसवलं, आणि बनू पळाली. पळाली खरंच. ठेच लागली की नाही, काटा रुतला की नाही, काही आठवत नाही. तोंडानं सारखं आनखी एक हाय, आनखी एक हाय, म्हणत ती गोजाबाईच्या ओसरीपर्यंत आली. ओसरीवर पाच-सहाजणी शेंगा फोडत बसलेल्या. मधे गोजाबाई. आणि ती सांगत होती, "पयल्या डावाला दोन, आवंदा एकच. शेळीची गाय झाली म्हना की!" बायका जी हसत सुटल्या! एकीला ठसका लागला, तिच्या पाठीवर दुसरीनं थापट्या मारल्या. बनूचे पाय थांबले. आनखी एक हाय, असं या बायकांच्या पुढ्यात कसं म्हणायचं? म्हटलं की त्या पुन्हा हसतील. आई पुन्हा शेळी होईल. ती गुरांच्या हौदामागं जाऊन बसली. जरा दम धरू, या उठल्या की सांगू. एक उठली. उठली तोवर दुसरी आली, सूप घेऊन. हौदाची सावली बनूच्या पायाच्या बोटांशी होती, ती घोट्याशी आली, मग पोटरीशी. सांगू की. आता उठतीलच. शेंगा संपत आल्यात. मग लांबून हाक ऐकू आली. कृष्णात येत होता, उघडाबंब, चड्डीची नाडी एका हातात धरून, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोंबलत होता, "गोजामावशी! आनखी एक हाय! आनखी एक हाय!" बायका हसल्याच नाहीत. एकही हसली नाही. गोजाबाई तर सूप उधळून पळाली.

ते पोर निळं होतं. सकाळचंही पुढं गोवरानं गेलं, पण गोवरानं कुणाच्याही घरातलं जातं. ते देवाच्या माथी मारता येतं. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, सुईणीला बोलवायला कोण गेलं होतं? आई शुद्धीत नव्हती. बनू चुलीपाशी उभी होती आणि तिचं तोंड उघडेना. कृष्णात म्हणाला, "मी. बनीच्या पायात काटा मोडला, म्हनून तिनं मला धाडलं. मी वाटंत इटीदांडू खेळत बसलो." वडिलांनी बैलाच्या काढणीचा दोर घेतला. वळ किती उठले ते बनूनं मोजले नाहीत, पण आवाज सगळे ऐकले. त्या रात्री अंथरुणात तिनं त्याला हळूच विचारलं, का रं असं केलंस? तो म्हणाला, "तू रडत हुतीस." एवढंच. पुन्हा तो विषय त्यानं आयुष्यात काढला नाही. आई मात्र त्याला त्यानंतर स्वतःच्या हातानं वाढेनाशी झाली, भाकरी परातीत ठेवायची आणि म्हणायची, घे. बनूच्या ताटात तूप पडायचं. ते ती खायची. मग पुढल्या वर्षी आईनं आणखी एक केलं. लेकीचं लग्न व्हायचं तर घराचं हे नाव पुसायला हवं, म्हणून शाळेत मास्तरांना गाठून पोराचं वय दोन वर्षांनी कमी लिहवून घेतलं आणि त्याला खालच्या वर्गात बसवलं. चिल्ल्यापिल्ल्यांत हा दांडगा, गुडघे पाटीला लागायचे. आणि घरात फर्मान निघालं, आजपासून बनीला आक्का म्हणायचं. तो म्हणाला, बरं. पहिल्यांदा त्यानं "आक्का" म्हटलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. बनूला आलं नाही. तिला बरं वाटलं, हीच तर शरमेची गोष्ट. एकटी असल्यासारखं वाटलं, बाकीच्या पोरींसारखं. पलटणीत भरती व्हायला गेला तेव्हा त्या वयापायीच त्याला पहिल्यांदा परत धाडला. घरी येऊन म्हणाला, "साहेब म्हनला, दोन वर्सांनी ये. मी म्हनलं, साहेब, माज्या आईनं माजी दोन वर्सं चोरल्यात. त्येला कळलंच न्हाई." आणि खो खो हसला. सांगली कोरेगावापासून लांब, आणि गावानंही या एका बाबतीत तोंड धरलं. मुलीच्या सोयरिकीत माती कालवायची नाही, एवढी लाज गावालाही होती.

परवाच्या दिवाळीला तो सांगलीला आला. लढाईवरून सुटून आलेला, खाकी कपडे, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दारातनंच त्यानं हाक मारली, "बने!" कितीतरी वर्षांनी. दोन वर्षं परमुलखात राहिल्यावर आईचं फर्मान विसरला असेल, किंवा माणसं मरताना बघून आल्यावर असल्या फर्मानाचं काही वाटेनासं झालं असेल. आत अंबूबाई करंज्या तळत होत्या. त्यांच्या हातातला झारा थांबलेला बनूनं बघितला, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "थोरल्या भनीला नावानं हाक मारतोस व्हय रं? पलटनीत ह्येच शिकीवलं का तुला?" तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला. मग त्यानं टाचा जुळवल्या, खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाला, "चुकलं आक्का." अंबूबाई हसल्या, बनूचे मालक नानासो हसले, कौतुक झालं. जायच्या वेळी तिच्या पोटाकडं बघून तो हळूच म्हणाला, "आईवानी झालं तर? डाक्टरला आदी सांगून ठेव." "त्वांड मिट," ती म्हणाली. त्यानं मिटलं. तो आयुष्यभर तिच्यासाठी तोंड मिटत आला होता आणि एकदाच काय ते त्यानं उघडलं होतं, ते त्या आळीत.

"थांब रं बादशा," अंबूबाई म्हणाल्या. केळीवाली दिसली होती. टांग्यातनंच त्यांनी डझनभर केळी घेतली, फणी मांडीवर ठेवली आणि एकेक केळं चाचपून बघितलं. कडेला एक जुळं होतं, एका सालीत दोन. त्यांनी ते मोडून काढलं. "ह्ये नगं बाई पोटुशीच्या वाऱ्यालाबी," म्हणत घोडीपुढं टाकलं. बादशहा मागं वळून म्हणाला, "आवं चाची, माजी घोडीबी गाभण हाय. तिला दोन झाली म्हंजी?" "तुजंच बरं रं मुडद्या, एका दाण्यात दोन घोडी!" अंबूबाई हसल्या, बादशहा हसला, घोडीनं केळं सालीसकट खाल्लं. बनूही हसली. सवयीनं हसली, आणि हसता हसता तिला पोटात डावीकडं लाथ बसली आणि उजवीकडं बसली. दोन्ही एका वेळी. यात आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती दोघं होती. येत्या गुरुवारी ती त्यांना गाडीत घालून एका डोळ्याच्या गोजाबाईकडं घेऊन चालली होती, एकाची नाळ कापून ती म्हातारी पदरात ज्वारी घेऊन घरी जाणार होती, आणि या वेळी आळीतून बोंबलत यायला कृष्णात तिथं असणार नव्हता.

"गाडी माघारी घ्या," ती म्हणाली.

"का गं? काय इसरलीस?" अंबूबाईंनी विचारलं. "सांगायचं ऱ्हायलंय," बनू म्हणाली. "काय सांगायचं?" बनू टांग्याची कडी घट्ट धरून बसली. अंबूबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं कोण जाणे, बादशहाला म्हणाल्या, "फिरीव रं." टांग्यातच सांगून टाकावं, निदान आत्याबाईंना तरी आधी, असं बनूला तीन वेळा वाटलं आणि तिन्ही वेळा ती घोडीच्या टापा ऐकत राहिली.

दवाखान्याच्या ओसरीवर आता गर्दी झाली होती. बाकावर पाचजणी, दोघी खाली भिंतीला टेकून, एक म्हातारी ओच्यातल्या शेंगा फोडून खात होती. डॉक्टरीणबाई पडद्याआड कुणाला तरी तपासत होत्या. जरिना बाहेर आली. "बाई कामात हायेत. मला सांगा की, मी सांगते." तिच्या कानात सांगता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, पाठीमागं केळी घेऊन उभ्या असलेल्या अंबूबाईंनाही नाही. बनू तिच्या कानाशी वाकली, आणि तिला फिनेलचा वास आला, आणि जरिनाच्या कानातली लहानशी चांदीची बाळी दिसली. मघाशी शेरडं म्हटल्यावर याच कानाची पाळी लाल झाली होती. कोणत्या तोंडानं हिच्या कानात सांगायचं? "ऱ्हाऊ द्या," बनू म्हणाली. "बाई मोकळ्या झाल्या की सांगते." बाकाच्या टोकाला जागा होती, तिथं ती बसली. गर्दी जरा कमी होऊ दे. या बायका आता एकेक करून जातीलच. म्हातारीच्या शेंगाही संपत आल्यात. म्हातारीनं टरफल तिच्या पायाशी टाकलं. त्या टरफलाकडं बघता बघता आपण कुठं बसलोय ते बनूला कळलं. ती पुन्हा त्या हौदामागंच बसली होती. तेरा वर्षं ती तिथनं उठलीच नव्हती.

ती उठली. पोट सावरत, बाकाचा हात धरून, सगळ्या बायका बघत असताना उठली. आणि जेवढं लागत होतं त्याच्या दुप्पट मोठ्या आवाजात, उघड्या तोंडानं, गावंढळासारखी ओरडली, "बाई! आनखी एक हाय!"

पडदा सरकला. "काय गं? कुणाचं काय?" डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. बाकावरची एक तरणी पोरगी फिस्सकन हसली. हसू दे. "मी खोटं सांगितलं," बनू म्हणाली, आणि आवाज खाली येईल म्हणून तिनं तो मुद्दाम चढाच ठेवला. "माज्या आईला दोनदा जावळी झाली. पयल्या डावाला मी अन् माजा भाऊ. त्यो धाकटा न्हाई. दुसऱ्या डावाला दोघं. त्यातलं एक येतंय म्हनून सुईणीला सांगायला मला धाडलं, अन् मला बायकांची लाज वाटली. मी सांगितलंच न्हाई. ते गेलं. मार माज्या भावानं खाल्ला." एवढं बोलून तिला धाप लागली. तोंडावर, गळ्यावर, छातीवर सगळीकडं ऊन लागल्यासारखी आग होत होती, आणि ती कमी होण्याचं काही चिन्ह नव्हतं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. काही हलकं वाटलं नाही. ज्याला मार बसला होता त्याला तर यातलं काही ऐकूही गेलं नव्हतं.

अंबूबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडं बघितलं नाही, जरिनाकडंही बघितलं नाही. हातातल्या केळ्यांच्या फणीकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ओसरीच्या कडेला जाऊन बाहेर म्हणाल्या, "बादशा, टांगा सोड रं. आमाला उशीर हाय." आणि परत येऊन त्याच बाकावर बसल्या, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

डॉक्टरीणबाईंनी बनूला आत घेतलं, पुन्हा आडवं केलं, नळी पुन्हा लावली. या वेळी खूप वेळ, डावीकडं, वर, मग उजवीकडं बरगडीखाली. बनू छताकडं बघत होती. "आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "लपून बसलं होतं. आता कोरेगाव विसरायचं, कळलं?" जरिना कागद घेऊन पायथ्याशी उभी होती. तिनं टाक बुडवला, मघाची ओळ शोधली आणि त्यातल्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. मग हात तसाच थांबवून तिनं विचारलं, "भावाचं वय आता किती ल्हिवू, आक्का?"

"आक्का नगं," बनू म्हणाली. आणि मग म्हणाली, "माजंच ल्हिवा. माजंच वय त्येचं."